पॅट्रिक मॅन्सन : रात्री प्रकटणाऱ्या कृमीचे वेळापत्रक शोधणारे डॉक्टर

रायपूर शहराच्या दक्षिणेस, धमतरीकडे जाणाऱ्या मार्गावर अभनपूर हे तहसिलीचे ठिकाण आहे. ते ज्या रायपूर जिल्ह्यात येते त्याची गणना हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत होत आली आहे. अशा जिल्ह्यांत रोगाची पाहणी करावयाची असेल, तर आरोग्य कर्मचारी रात्री साडेआठनंतर घरोघरी जातात. निजलेल्या माणसाला उठवून बोटाला सुई टोचली जाते आणि रक्ताचे थेंब काचपट्टीवर घेतले जातात. लोक कुरकुर करतात. हेच काम दिवसाढवळ्या का होत नाही, असा प्रश्न त्यांना पडतो आणि तो अगदी रास्त आहे. कारण असे, की त्याच माणसाचे रक्त भर दुपारी तपासले, तर त्यात रोगाचा मागमूसही न आढळण्याचा संभव असतो. हत्तीरोगाच्या कृमीची पिल्ले रात्री त्वचेजवळच्या रक्तात येतात आणि दिवस उजाडला की तेथून नाहीशी होतात.

कृमीच्या या वर्तनाची पद्धतशीर नोंद ज्यांनी प्रथम केली, त्यांचे नाव सर पॅट्रिक मॅन्सन. उष्णकटिबंधीय वैद्यकाचे जनक म्हणून ते जगभर ओळखले जातात. भारतात मात्र रोनाल्ड रॉस यांचे गुरू एवढीच त्यांची ओळख उरली आहे, आणि ती अपुरी आहे.

मॅन्सन यांचा जन्म 3 ऑक्टोबर 1844 रोजी स्कॉटलंडमधील ॲबरडीनशायर परगण्यात, ओल्डमेल्ड्रम या गावी झाला. वडील बँकेत व्यवस्थापक होते. आईच्या माहेरच्या मंडळींचा ॲबरडीन येथे लोखंडकामाचा मोठा कारखाना होता. मुलाने तेथेच उमेदवारी करावी, असे ठरले. परंतु कष्टाचे काम त्याच्या शरीराला मानवले नाही. पाठीच्या कण्यात दोष निर्माण झाला, उजवा हात दुबळा पडला आणि बराच काळ अंथरुणावर काढावा लागला. या सक्तीच्या विश्रांतीत त्याला निसर्गविज्ञानाच्या वाचनाची गोडी लागली आणि कारखान्याऐवजी त्याने वैद्यकाची वाट धरली. ॲबरडीन विद्यापीठातून 1865 साली ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी चीनच्या सागरी जकात खात्याचे वैद्यकीय अधिकारी म्हणून फोर्मोसा बेटावर, म्हणजे आजच्या तैवानात दाखल झाले. 1871 मध्ये त्यांची बदली चीनच्या किनाऱ्यावरील अमॉय बंदरात झाली. आज हे शहर शियामेन या नावाने ओळखले जाते.

अमॉयमध्ये हत्तीरोगाचे थैमान होते. पाय खांबासारखे सुजलेले, अंडवृद्धीने चालणे अशक्य झालेले रुग्ण रोज दारात येत. मॅन्सन शस्त्रक्रिया करून सुजलेले मांस कापून काढीत. रुग्णाला आराम पडे, परंतु रोग कशाने होतो, हे ना रुग्णाला ठाऊक होते ना डॉक्टरला. 1875 मध्ये रजेवर लंडनला गेले असता त्यांनी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसून या विषयावरील मिळेल ते वाचून काढले. तेथे कलकत्त्यातील एक शोध त्यांच्या नजरेस पडला. टिमथी लुईस या लष्करी डॉक्टरांनी 1872 साली माणसाच्या रक्तात अतिसूक्ष्म, वळवळणारे सूत्रकृमी पाहिले होते. हत्तीरोगाशी त्यांचा संबंध असावा, असा तर्क लुईस यांनी केला होता. मॅन्सन यांनी सूक्ष्मदर्शक विकत घेतला, त्याच वर्षाअखेर हेन्रिएटा थर्बर्न यांच्याशी विवाह केला आणि दोघे अमॉयला परतले.

रक्तातले हे कृमी बाल्यावस्थेतील होते. लांबी मिलिमीटरच्या पाव ते तिसऱ्या भागाइतकी. ते रक्तात वाढत नाहीत, तेथे त्यांना पिल्लेही होत नाहीत. पूर्ण वाढलेले कृमी शरीरातील लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षे मुक्काम करतात आणि त्यांची पिल्ले रक्तात उतरतात. मग ही पिल्ले एका माणसातून दुसऱ्या माणसात जातात कशी? रक्त शोषणारा एखादा जीव त्यांना बाहेर काढत असला पाहिजे, असे मॅन्सन यांनी अनुमान केले आणि त्यांचा संशय डासावर गेला.

1877 साली त्यांनी ते पडताळून पाहिले. त्यांचा माळी हिन लो याच्या रक्तात हे कृमी होते. त्याला रात्री एका बंदिस्त खोलीत निजविण्यात आले आणि डासांना आत येऊ देण्यात आले. सकाळी रक्त पिऊन फुगलेले डास पकडून त्यांची चिरफाड सुरू झाली. डासाच्या पोटात गेलेली पिल्ले अंगावरचे पातळ वेष्टन टाकून देतात, पोटाची भिंत भेदतात, छातीच्या स्नायूंत शिरतात आणि तेथे वाढू लागतात, हे मॅन्सन यांनी दिवसागणिक पाहिले. माणसाला होणाऱ्या रोगाचा परजीवी एखाद्या कीटकाच्या शरीरात वाढतो, हे इतक्या स्पष्टपणे यापूर्वी कोणी दाखविले नव्हते. आजच्या दृष्टीने या प्रयोगात एक बोचणारी बाजू आहे. हिन लो याला डासांच्या स्वाधीन केले गेले, तो चाकरीत होता आणि चाकर नाही म्हणू शकत नाही. वैद्यकाच्या इतिहासात मॅन्सन यांच्या नावाशेजारी त्याचेही नाव राहिले, इतकेच.

याच सुमारास ती दुसरी गोष्ट लक्षात आली. मॅन्सन यांनी दोन चिनी सहायकांना सूक्ष्मदर्शक हाताळावयास शिकविले होते. दिवसा घेतलेल्या नमुन्यांत कृमी फारसे सापडत नसत, रात्रीच्या नमुन्यांत मात्र ते गर्दीने दिसत. तेव्हा मॅन्सन यांनी एकाच रुग्णाचे रक्त चोवीस तास, ठरावीक अंतराने तपासण्याचा क्रम लावला. चित्र स्वच्छ उमटले. सूर्यास्ताच्या सुमारास कृमी दिसू लागतात, मध्यरात्रीच्या आसपास त्यांची संख्या शिगेला पोहोचते, पहाटेपासून ओहोटी लागते आणि सकाळी नऊनंतर ते जवळजवळ दिसेनासे होतात. संध्याकाळी पुन्हा तेच चक्र. दिवसामागून दिवस त्यात खंड नाही. शरीराच्या आतल्या अंधारात वावरणाऱ्या, डोळे नसलेल्या जीवाला बाहेर रात्र झाल्याचे कळते, ही बातमी लंडनमधील काही विद्वानांना थट्टेचा विषय वाटली.

मॅन्सन यांचे उत्तर सरळ होते. अमॉयमधील डास रात्री चावतो. त्याच्या पोटात जाण्यावाचून या पिल्लांना भवितव्य नाही. म्हणून डासाच्या जेवणाच्या वेळी त्वचेजवळ हजर राहण्याची सवय त्यांच्या जातीत रुजली असावी. डार्विन यांचा ग्रंथ 1859 साली प्रसिद्ध झाला होता आणि मॅन्सन यांचे हे विवेचन त्याच वळणाचे होते. मात्र सवय जातीत रुजते म्हणजे नेमके काय होते, हे सांगणारे शास्त्र तेव्हा अस्तित्वात नव्हते. मेंडेल यांच्या वाटाण्यांवरील प्रयोगांकडे 1900 पर्यंत कोणाचे लक्ष गेले नाही आणि ‘जीन’ हा शब्दच मुळी 1909 साली रूढ झाला.

लंडनमध्ये स्टीफन मॅकेंझी यांनी 1881 मध्ये एक निराळी परीक्षा घेतली. त्यांनी आपल्या रुग्णाला दिवसा निजविले आणि रात्री जागे ठेवले. काही दिवसांत कृमींचे वेळापत्रकही उलटले. म्हणजे कृमी सूर्याकडे पाहून चालत नव्हते, माणसाच्या झोपेजागेशी शरीरात जे बदल घडतात त्यांना ते प्रतिसाद देत होते. दिवसा ते जातात कुठे, याचे उत्तर मॅन्सन यांना शतकाच्या अखेरीस मिळाले. त्यांच्या एका रुग्णाने सकाळच्या वेळी आत्महत्या केली. शवचिकित्सेत कृमींची पिल्ले फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत मोठ्या संख्येने आढळली.

मॅन्सन चुकलेही, आणि ती चूक लहान नव्हती. अमॉयमध्ये पकडलेले डास चारपाच दिवसांत मरत, कारण त्यांना पुढे खावयास काही दिले जात नव्हते. डासाचे आयुष्यच तेवढे, असा मॅन्सन यांचा समज झाला. डास अंडी घालून पाण्यात मरतो, कृमी पाण्यात उतरतो आणि ते पाणी पिणाऱ्याला रोग होतो, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. ऑस्ट्रेलियातील टॉमस बँक्रॉफ्ट यांनी डासांना केळी खाऊ घालून अधिक दिवस जगविले. त्यांनी पाठविलेल्या डासांच्या सोंडेत कृमी असल्याचे जॉर्ज लो यांनी 1900 साली लंडनमध्ये दाखवून दिले. रोग पिण्याच्या पाण्यातून येत नाही, डास चावताना पसरतो, हे तेव्हा निश्चित झाले. अर्धे सत्य सापडल्यानंतर उरलेल्या अर्ध्यासाठी तेवीस वर्षे जावी लागली, ती केवळ डासांना उपाशी ठेवल्यामुळे.

दरम्यान मॅन्सन यांचे आयुष्य पुष्कळ पुढे सरकले होते. 1883 मध्ये ते हाँगकाँगला गेले. तेथे 1887 साली चिनी विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय महाविद्यालय स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. या महाविद्यालयाच्या पहिल्या पदवीधरांत सन यत्-सेन होते, जे पुढे चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक ठरले. 1896 मध्ये लंडनमधील चिनी वकिलातीने सन यांना पळवून कोंडून ठेवले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी धावपळ करणाऱ्यांत त्यांचे जुने शिक्षक जेम्स कँटली यांच्यासोबत मॅन्सनही होते. 1889 साली मॅन्सन मायदेशी परतले ते विश्रांतीसाठी. परंतु चिनी चलनाची किंमत घसरली, साठविलेला पैसा आटला आणि त्यांना लंडनमध्ये पुन्हा दवाखाना थाटावा लागला. संधिवाताने ते बेजार असत.

1894 साली भारतातून रजेवर आलेले रोनाल्ड रॉस त्यांना भेटले. मॅन्सन यांनी त्यांना हिवतापाचे परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले आणि हत्तीरोगाप्रमाणे हाही रोग डासाशी निगडित असावा, हा आपला विचार सांगितला. पुढे चार वर्षे दोघांत पत्रव्यवहार चालू राहिला. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबाद येथे रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला, 1898 मध्ये कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापाचे संपूर्ण चक्र उलगडले आणि 1902 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर गुरुशिष्यांचे संबंध बिघडले. मॅन्सन यांनी 1899 मध्ये लंडन स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन ही संस्था उभी केली. 1900 साली त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले आणि 1903 साली सरदारकीचा किताब. 9 एप्रिल 1922 रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

कृमीच्या वेळापत्रकाचा प्रश्न मात्र त्यांच्यामागे जिवंत राहिला, आणि तो विसाव्या शतकात अधिक खोल गेला. ज्या शरीरात कृमी राहतो ते शरीर वेळ ठरविते, की कृमी स्वतःच ती जन्मतः घेऊन येतो? मॅन्सन यांच्या हयातीतच एक अडचण पुढे आली होती. 1896 साली टोंगा बेटांवर तपासणी झाली, तेव्हा तेथील लोकांच्या रक्तात हे कृमी दिवसाही आढळले. तेथला रोगवाहक डास दिवसा चावणारा आहे. भारतातही याचे उदाहरण आहे. मुख्य भूमीवर, म्हणजे रायपुरात वा नागपुरात, कृमी रात्रीचा असतो. निकोबारमधील ननकौरी बेटसमूहात मात्र त्याच जातीचा कृमी दिवसा अधिक संख्येने रक्तात येतो. तेथील वाहक म्हणजे जंगलात राहणारा, दिवसा चावणारा डास. माणूस दोन्हीकडे रात्रीच झोपतो. म्हणजे फरक माणसात नाही.

यजमान शरीर कोणता संकेत देते, याचा छडा ब्रिटनमधील फ्रँक हॉकिंग यांनी लावला. पदार्थवैज्ञानिक स्टीफन हॉकिंग यांचे ते वडील. 1950 नंतरच्या वर्षांत त्यांनी दाखविले, की फुप्फुसातील बारीक वाहिन्यांत कृमी दिवसा अडून राहतात आणि त्यांचा हा मुक्काम रक्तातील ऑक्सिजनशी निगडित आहे. रात्री रुग्णाला ऑक्सिजन हुंगविला, तर त्वचेजवळच्या रक्तातील कृमींची संख्या घटते. संकेत शरीराचा, परंतु त्याला प्रतिसाद कसा द्यावयाचा हे कृमीच्या प्रकृतीत ठरलेले असते.

ही प्रकृती आनुवंशिक आहे, याचा सर्वांत बोलका पुरावा आफ्रिकेतून आला, तोही हत्तीरोगाच्या एका नातलग कृमीवरून. लोआ नावाचा हा कृमी माणसात असतो तेव्हा त्याची पिल्ले दिवसा रक्तात येतात, माकडांत असतो तेव्हा रात्री. माणसातला प्रकार दिवसा चावणाऱ्या माशीमार्फत पसरतो, माकडांतला रात्री उंच झाडांवर चावणाऱ्या माशीमार्फत. कॅमेरूनमध्ये ब्रायन ड्यूक यांनी माणसातला प्रकार ड्रिल जातीच्या माकडात सोडला. माकडाच्या शरीरातही त्याने आपली दिवसाची वेळ सोडली नाही. 1964 साली ड्यूक यांनी दोन्ही प्रकारांचा संकर घडविल्याचे प्रसिद्ध केले. संकरित संततीचे वेळापत्रक जनकांपेक्षा निराळे, मिश्र स्वरूपाचे निघाले. वेळ पाळण्याची रीत आईबापांकडून पिल्लांत उतरते, ही गोष्ट यातून उघड झाली. मॅन्सन ज्याला जातीची सवय समजत होते, ती जनुकांत साठविलेली होती.

परजीवी कृमी प्रयोगशाळेत वाढविणे महाकठीण. त्यामुळे जनुके आणि वर्तन यांचा संबंध उलगडण्याचे श्रेय गेले ते मातीत, कुजक्या फळांवर राहणाऱ्या त्यांच्या एका निरुपद्रवी नातलगाला. सिनोरॅब्डायटिस एलिगन्स या सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीची निवड सिडनी ब्रेनर यांनी केंब्रिज येथे केली आणि 1974 साली त्याच्या आनुवंशिकीचा पाया घातला. या कृमीच्या उभयलिंगी शरीरात 959 कायिक पेशी असतात आणि त्यांपैकी 302 चेतापेशी. एखादे जनुक बिघडले, की कृमीची चाल बिघडते. कोणी जागच्या जागी वेटोळे घेतो, कोणी हलतच नाही. अशा असंख्य बिघडलेल्या कृमींवरून चेतासंस्थेची जनुके एकेक करून ओळखली गेली.

त्यातील एक उदाहरण मॅन्सन यांना नक्कीच आवडले असते. काही ठिकाणचे हे कृमी घोळक्याने चरतात, तर प्रयोगशाळेत प्रचलित असलेला वाण एकेकटा फिरतो. एनपीआर-1 नावाच्या एकाच जनुकातील एका अक्षराच्या बदलाने हा फरक पडतो, असे 1998 साली सिद्ध झाले. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनात 215 व्या स्थानी एक अमिनो आम्ल बदलते आणि कृमीचा स्वभाव पालटतो. पुढे 2004 मध्ये असे दिसले, की घोळक्याचे मूळ सोबतीच्या ओढीत नसून अधिक ऑक्सिजन टाळण्यात आहे. कृमी एकमेकांना बिलगले की मधला ऑक्सिजन घटतो. एकटेपणा हाच नंतर उपजलेला गुण असून तो प्रयोगशाळेतील वास्तव्यात आला, असेही 2009 साली स्पष्ट झाले. हॉकिंग यांनी माणसाच्या फुप्फुसात ज्या वायूचा प्रभाव पाहिला, तोच वायू येथे काचेच्या बशीत कृमीचे वर्तन घडवीत होता. या दोन गोष्टींमागे एकच जनुक आहे, असा याचा अर्थ नव्हे. परंतु ऑक्सिजन ओळखून त्याप्रमाणे हालचाल करणे सूत्रकृमींच्या या दोन नातलगांत आढळते, हे लक्षणीय आहे.

रुग्णाच्या दृष्टीने या सगळ्याचे मोल औषधात आहे. आयव्हरमेक्टिन हे औषध कृमीच्या चेतापेशींतील व स्नायूंतील क्लोराइडच्या वाहिन्या उघडी ठेवते. त्यामुळे कृमी लुळा पडतो, त्याचे गिळणेही थांबते. या वाहिन्यांची जनुके 1994 साली एलिगन्स कृमीतच सापडली. त्यांतील तीन जनुके एकाच वेळी निकामी झाली, तर कृमी औषधाला फारसा दाद देत नाही, हे 2000 साली दाखविण्यात आले. औषधाचा प्रभाव किती काळ टिकेल, याची चिंता करणाऱ्यांना हा आकडा महत्त्वाचा वाटतो. सूत्रकृमींची जनुके वाचण्याची ही वाट 2007 मध्ये हत्तीरोगाच्या कृमीपर्यंतही पोहोचली. त्या वर्षी ब्रुगिया मलायी या कृमीची जनुकसंहिता प्रसिद्ध झाली. भारतातील बहुतांश हत्तीरोग ज्याच्यामुळे होतो, त्या वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या कृमीचा तो निकटचा आप्त आहे. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या नावातला बँक्रॉफ्ट म्हणजे केळी खाऊ घालणाऱ्या टॉमस यांचे वडील जोसेफ.

भारतात हत्तीरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1955 साली सुरू झाला. 2004 पासून रोगप्रवण जिल्ह्यांत सर्व पात्र लोकांना वर्षातून एकदा औषध देण्याची मोहीम देशभर राबविली जाऊ लागली. जानेवारी 2019 मध्ये नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिनसह तीन औषधे एकत्र देण्यास प्रारंभ झाला. हा प्रयोग प्रथम करणाऱ्या देशातील मोजक्या जिल्ह्यांत नागपूरचा समावेश होता. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे विदर्भातील जिल्हेही हत्तीरोगप्रवण म्हणून ओळखले जातात. रोगाच्या उच्चाटनासाठी 2027 हे वर्ष ठरविण्यात आले आहे. यापूर्वीचे 2015 चे लक्ष्य गाठता आले नव्हते. अनेकांना आपण निरोगी आहोत असेच वाटते आणि म्हणून गोळ्या घेतल्या जात नाहीत. रक्तात कृमी असूनही वर्षानुवर्षे पाय सुजत नाही, हे या रोगाचे कपट आहे.

आता कृमीचे प्रतिजन ओळखणारी चाचणी पट्टी उपलब्ध आहे आणि ती दिवसा कोणत्याही वेळी चालते. तरीही प्रत्यक्ष कृमी मोजावयाचे असतील, तर कर्मचाऱ्यांना मॅन्सन यांनी नोंदविलेल्या वेळेचीच वाट पाहावी लागते. साडेआठ वाजल्यानंतर विजेरी, सुया आणि काचपट्ट्या घेऊन ते निघतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास परततात.